श्रेय कोणाचे?

मोठ्या पारितोषिकांच्या वार्ता आल्या की विजेत्यांच्या नावांचा गजर होतो, आणि तो योग्यच असतो. परंतु त्या यादीत असावयास हवे होते असे एखादे नाव राहून गेले काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. अमेरिकन संशोधिका कँडेस पर्ट यांच्या बाबतीत ती करणे अगत्याचे आहे.

अफूने वेदना शमते हे मनुष्यास सहस्रावधी वर्षे ठाऊक आहे. कुलपात किल्ली बसावी तसा अफूतील मॉर्फीनचा रेणू जेथे नेमका बसेल असे स्थान मेंदूतील पेशींवर असावे, असा तर्क होता, पुरावा नव्हता. या स्थानास शास्त्रज्ञ 'रिसेप्टर' म्हणतात, आपण 'ग्राही' म्हणू. १९७२ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत, सव्वीस वर्षांच्या पर्ट यांनी मॉर्फीनचा प्रभाव खोडून काढणारे नॅलोक्सोन हे औषध किरणोत्सारी रूपात वापरले आणि ते मेंदूच्या ऊतीला चिकटते हे दाखविले. मॉर्फीनच्या वर्गातील औषध घातले की ते चिकटेनासे होई. त्याच औषधाची जणू आरशातील प्रतिमा असलेला निष्प्रभ रेणू मात्र त्यास रोखू शकत नसे. कुलूप सापडले होते! मार्च १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर पहिले नाव पर्ट यांचे आणि दुसरे स्नायडर यांचे होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि उप्सालाचे लार्स टेरेनियस हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाप्रत आले.

पण निसर्गाने खसखशीच्या बोंडासाठी मनुष्याच्या मेंदूत कुलूप कशास बसवावे? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीनहून आले. जॉन ह्यूजेस व हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून 'एन्केफॅलिन' ही दोन द्रव्ये वेगळी केली. केवळ पाच अमिनो आम्लांची ही चिमुकली पेप्टाइडे म्हणजे शरीराने स्वतःच घडविलेली किल्ली होय.

१९७८ चे प्रतिष्ठेचे लास्कर पारितोषिक या संशोधनास मिळाले. मानकरी तीन: ह्यूजेस, कोस्टरलिट्झ आणि स्नायडर. पर्ट यांचे नाव नव्हते. त्यांनी मुकाट न राहता पारितोषिकदात्यांकडे निषेध नोंदविला आणि विज्ञानविश्वात मोठा वाद माजला.

स्नायडर यांचा वाटा लहान होता असे आम्ही म्हणत नाही. प्रयोगशाळा त्यांची, मार्गदर्शन त्यांचे, आणि ग्राहींविषयीचे त्यांचे पुढील कार्यही थोर आहे. विद्यार्थ्याचे काम हे प्रयोगशाळेचेच काम, असा एक पक्ष आहे. परंतु तो येथे टिकत नाही. ॲबर्डीनमधील ज्येष्ठ कोस्टरलिट्झ यांच्याबरोबर त्यांचे तरुण सहकारी ह्यूजेस यांचाही गौरव झाला. मग बाल्टिमोरपुरता न्याय निराळा का? शिवाय अपयश येत असता हा प्रयोग सोडून देण्यास आपणांस सांगण्यात आले होते व तरीही आपण तो चालू ठेवला, असे पर्ट यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. हे खरे असेल, तर त्या केवळ राबणारे हात नव्हत्या.

मन आणि शरीर यांच्या संबंधाविषयी पर्ट यांनी पुढे केलेली सर्वच विधाने शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाहीत. २०१३ मध्ये त्या निवर्तल्या. परंतु उत्तरायुष्यातील मतांवरून पूर्वीच्या कार्याचे माप घेणे न्यायाचे नव्हे. १९६७ मध्ये पल्सार ताऱ्याची खूण प्रथम जिने टिपली ती जोसेलिन बेल हीदेखील विद्यार्थिनीच होती, आणि १९७४ चे नोबेल तिच्या मार्गदर्शकास मिळाले. तेव्हा हा एकाच प्रयोगशाळेचा दोष म्हणता येत नाही.

जेथे जेथे मार्गदर्शकाच्या स्वाक्षरीवाचून विद्यार्थ्याचे पाऊल पुढे पडत नाही, तेथे हे घडू शकते. आपली विद्यापीठेही त्यास अपवाद मानण्याचे कारण नाही. शोधनिबंधात कोणी काय केले याची स्वतंत्र नोंद देण्याची पद्धत आता अनेक नियतकालिकांनी स्वीकारली आहे. ती सर्वत्र सक्तीची व्हावी, आणि पारितोषिके देणाऱ्यांनी ती वाचल्यावाचून निर्णय करू नये. शिष्याकडून पराभूत होण्याची इच्छा धरावी, हे आपल्या परंपरेने गुरूचे लक्षण मानले आहे. निदान शिष्याचा विजय आपल्या नावे लिहून घेऊ नये, एवढी अपेक्षा तरी अवाजवी ठरू नये.