कर द्यायलाच हवा, पण तो सगळ्यांनी

भारताच्या राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. राष्ट्रध्वजाचा मान राखणे, वारसा जपणे, जंगले आणि नद्या सांभाळणे, वैज्ञानिक दृष्टी बाळगणे अशी ती आज एकूण 11 आहेत. कर भरणे त्यांत नाही. ते नजरचुकीने राहिले असेही नाही. 1976 मध्ये स्वर्णसिंग समितीने सुचवलेल्या कर्तव्यांत कायद्याप्रमाणे कर भरणे होते. त्याच वर्षी 42वी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा ते गाळले गेले.

यावरून कोणी कर ऐच्छिक आहे असा अर्थ काढला, तर तो फसेल. मूलभूत कर्तव्य पाळले नाही एवढ्याच कारणाने कोणाला तुरुंगात टाकत नाहीत. प्राप्तिकर बुडवला तर टाकतात. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचे चौथे कलम उत्पन्नावर कर बसवत होते आणि त्या कायद्याच्या जागी आणलेल्या, 1 एप्रिल 2026 पासूनच्या 2025 च्या कायद्यातही ते काम चौथ्याच कलमाकडे आहे. 819 कलमांची 536 झाली, भाषा सोपी केली गेली, पण करदात्याची संमती तेव्हाही विचारली नव्हती आणि आताही नाही.

घटनेने दुसरी बाजूही तितकीच पक्की बांधली आहे. अनुच्छेद 265 सांगतो की कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. म्हणजे नागरिकाने कायद्याप्रमाणे जेवढा निघतो तेवढा कर पूर्ण द्यायचा आणि सरकारने त्याहून एक रुपयाही जास्त घ्यायचा नाही. व्होडाफोन या दूरसंचार कंपनीच्या प्रकरणात हे देशाने पाहिले. तिच्याकडे केलेली सुमारे 11 हजार कोटींची करमागणी मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये उचलून धरली. जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायद्यात बसत नाही म्हणून रद्द केली. त्यानंतर सरकारने मागच्या तारखेपासून कायदाच बदलला. ती चूक निस्तरायला 2021 उजाडले.

कर देणे बंधनकारक नाही हा दावा सर्वांत हट्टाने लढवला गेला तो अमेरिकेत. तिथे 1913 च्या 16व्या घटनादुरुस्तीने केंद्र सरकारला प्राप्तिकराचा निर्विवाद अधिकार दिला. तरीही ही दुरुस्ती नीट मंजूरच झाली नव्हती, कर ऐच्छिक आहे, मजुरी म्हणजे उत्पन्न नव्हे, असे युक्तिवाद पिढ्यान् पिढ्या चालू राहिले. न्यायालयांनी ते एकजात फेटाळले. अर्विन शिफ यांनी या विषयावर पुस्तके लिहिली, शिबिरे घेतली, अनेकदा तुरुंगवास भोगला आणि 2015 मध्ये कैदेत असतानाच ते वारले. अभिनेता वेस्ली स्नाइप्स यांना विवरणपत्रे न भरल्याबद्दल 3 वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेचा कायदा तर आपल्या नागरिकाची पाठ परदेशातही सोडत नाही. तिथले नागरिकत्व घेऊन पुण्यात कायमचे राहायला आलेल्या मराठी कुटुंबालाही उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेले की दरवर्षी अमेरिकेत विवरणपत्र भरावे लागते.

भारतात तसे नाही. इथे कर मुख्यतः नागरिकत्वावर ठरत नाही, वास्तव्यावर ठरतो. वर्षात 182 दिवस भारतात राहणारा परदेशी माणूस इथला करदाता होतो. उलट दुबईत नोकरी करणाऱ्या साताऱ्याच्या अभियंत्याला तिथल्या पगारावर इथे सहसा कर लागत नाही. त्यामुळे 'नागरिकाला कर द्यावाच लागतो का' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कोण, कुठे आणि कशातून कमावतो, यावर ते अवलंबून आहे.

सिक्कीमचे उदाहरण घ्या. 1975 मध्ये हे राज्य भारतात आले. तिथल्या सिक्कीमी माणसाला राज्यात मिळवलेल्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. 2008 मध्ये ही सवलत कायद्यात लिहिली गेली, तेव्हा बिगरसिक्कीमी पुरुषाशी 1 एप्रिल 2008 नंतर लग्न करणाऱ्या सिक्कीमी स्त्रीला मात्र ती नाकारली होती. पुरुषावर अशी अट नव्हती. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि विलीनीकरणाआधीपासून तिथे राहणाऱ्या जुन्या भारतीय कुटुंबांनाही सवलत दिली. गोव्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, म्हणून घरभाड्याचे 6 लाख आले तर 3 लाख नवऱ्याच्या आणि 3 लाख बायकोच्या खात्यात धरले जातात. पगार तेवढा ज्याचा त्याचा. शेजारच्या सिंधुदुर्गात हा नियम नाही. अशा सवलती इतिहासातून आल्या आहेत, त्यांच्या सीमा स्पष्ट आहेत आणि त्यांच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

तक्रार आहे ती शेतीच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या करसवलतीबद्दल.

1857 च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी 1860 मध्ये भारतात पहिला प्राप्तिकर आणला, तेव्हा शेतीचे उत्पन्न त्यात होते. 1886 च्या कायद्याने ते बाहेर काढले, कारण जमिनीवर शेतसारा होताच. हा सारा किती अन्यायाचा होता, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात मांडले. पीक येवो वा बुडो, गरीब शेतकऱ्याला सारा द्यावाच लागतो. प्राप्तिकर मात्र उत्पन्न असेल तरच आणि ऐपतीप्रमाणे लागतो. एका एकराच्या धन्याला आणि जहागीरदाराला दर एकच, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. आज शेतसारा नावापुरता उरला आहे. त्याच्या बदल्यात दिलेली सूट मात्र तशीच आहे आणि ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या फारशी उपयोगाची नाही. दोन एकर सोयाबीनवाल्याचे उत्पन्न तसेही करपात्र मर्यादेला शिवत नाही. ही सूट खरी कामाला येते ती ज्याच्याकडे दुसरीकडून आलेला पैसा आहे त्याला. सातबारावर नाव लावायचे आणि तो पैसा पिकाचा म्हणून दाखवायचा. महालेखापरीक्षकांनी 2019 च्या अहवालात शेती उत्पन्नाच्या दाव्यांची प्रकरणे तपासली, तेव्हा सुमारे 22.5 टक्के प्रकरणांत पुरेशी कागदपत्रे न पाहताच सूट मंजूर केलेली आढळली.

नोकरदाराला असा आडोसा नाही. त्याचा पगार हातात पडण्याआधीच टीडीएस कापलेला असतो. 2023-24 मध्ये व्यक्तींच्या प्राप्तिकरातून निव्वळ 10.44 लाख कोटी रुपये जमा झाले आणि कंपन्यांकडून 9.11 लाख कोटी. जिथे उत्पन्न कागदावर दिसते, तिथे वसुली चोख होते.

म्हणून नोकरदार प्रामाणिकच राहतो असे नाही. जानेवारीत कार्यालयात गुंतवणुकीचे पुरावे द्यायची वेळ आली की स्टेशनरीच्या दुकानातून भाडेपावत्यांचे कोरे पुस्तक येते. बारा महिन्यांच्या बारा पावत्या एका बैठकीत, एकाच शाईच्या पेनाने लिहिल्या जातात, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सासऱ्यांची सही होते. सासरे गावी असतात, त्या घरात कोणी राहत नसते आणि भाडेही कधी दिलेले नसते. जुलै 2025 मध्ये प्राप्तिकर विभागाने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर कारवाई केली. रिफंड मिळवून देतो म्हणून टक्केवारी घेणारे दलाल त्यात सापडले. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40 हजार करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. शेतीची सूट लाटणारा आणि सासऱ्यांची पावती जोडणारा यांच्यात रकमेचा फरक आहे, कृत्याचा नाही.

2025 च्या अर्थसंकल्पानंतर आणखी एक गैरसमज घट्ट झाला आहे. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे विवरणपत्राचीही गरज नाही, असे अनेकांना वाटते. तसे नाही. 4 लाखांच्या वर उत्पन्न गेले की विवरणपत्र द्यावेच लागते. सवलत मिळाल्यावर कर शून्य होतो, एवढेच. शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्याला तर ही सवलतही लागू नाही. नोटीस आली की मग धावाधाव होते, म्हणून हे आधीच माहीत असलेले बरे.

आता पुन्हा शेतीकडे. शेतीच्या उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार केंद्राला नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील 46वी नोंद तो राज्यांना देते. आसामने चहाच्या आणि केरळने रबराच्या मळ्यांवर असा कर लावला होता. 1972 मध्ये के. एन. राज समितीने आणि 2002 मध्ये विजय केळकर यांच्या अभ्यासगटाने मोठ्या शेती उत्पन्नाला कराच्या कक्षेत आणण्याची वाट दाखवली, पण ती कोणी धरली नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला ती धरता येईल. नोकरदाराला जी करमुक्त मर्यादा, तीच शेतकऱ्याला द्यावी, पीक बुडालेल्या वर्षाचा तोटा पुढच्या वर्षांच्या उत्पन्नातून वजा करू द्यावा आणि मर्यादेवरच्या उत्पन्नाला कर लावावा. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एखाद्या आमदाराने हा प्रस्ताव सभागृहापुढे ठेवावा. त्याची सुरुवात करायला 1927 चे ते भाषण पुरेसे आहे.