आकड्यांच्या आधीचे १०२४ बाइट

करोना विषाणूची जनुकीय माहिती जानेवारी २०२०मध्ये जाहीर झाली आणि सुमारे सहा आठवड्यांत त्याच्या काटेरी प्रथिनाची रचना अमेरिकी संशोधकांनी जगापुढे ठेवली. लसींचे बरेचसे काम याच प्रथिनाभोवती झाले. वर्तमानपत्रांत छापून आलेले त्याचे रंगीत चित्र म्हणजे फोटो नव्हे. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मिळालेल्या हजारो पुसट प्रतिमा संगणकाने जुळवल्या की घनतेचा त्रिमितीय नकाशा तयार होतो, आणि हा नकाशा म्हणजे निव्वळ आकड्यांची रास असते. प्रत्येक बाजूला ४०० कप्पे धरले तर ६ कोटी ४० लाख आकडे, एकेकाला ४ बाइट!

ही रास वाचायची कशी, हे फाइलच्या सुरुवातीच्या १०२४ बाइटमध्ये लिहिलेले असते. या मांडणीला 'एमआरसी' म्हणतात. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या केंब्रिजमधील प्रयोगशाळेत ती १९८०च्या दशकात रुजली. (२०१७च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळालेले रिचर्ड हेंडरसन तिथलेच.)

मांडणी साधी, म्हणून ती टिकली. पण साधेपणामुळेच प्रत्येकाने तिला आपापले वळण दिले. एकाच बाइटमधला आकडा काही प्रणाली ० ते २५५ असा वाचत, काही उणे १२८ ते १२७ असा. फाइल तीच, नकाशा वेगळा. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एमआरसी २०१४' या सुधारित नियमावलीने असे अनेक घोळ मिटवले. असले काम कंटाळवाणे असते, त्याला पारितोषिके मिळत नाहीत; पण ते कोणीतरी करावेच लागते.

सगळे मात्र नियमाने मिटत नाही. एका कप्प्याची लांबी नोंदीत १ अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, लिहिली आणि प्रत्यक्षात ती १.०५ असली, तर सगळे प्रथिन पाच टक्क्यांनी आखडते. औषधाचा रेणू ज्या खाचेत बसवायचा, ती खाचही. दुसरी अडचण उजव्या-डाव्याची. सूक्ष्मदर्शकाच्या सपाट प्रतिमांना मूळ रचना आणि तिचे आरशातले रूप, दोन्ही सारखीच जुळतात. फाइल वाचताना एखादा अक्ष उलटा धरला, तरी तोच गोंधळ. बाजूची खूण नसलेल्या एक्स-रेवर विसंबून कोणताही शल्यचिकित्सक सुरी चालवणार नाही. इथेही तेवढीच सावधगिरी हवी. नकाशा पुरेसा स्पष्ट असेल तर प्रथिनातील वळसे उजवे आहेत का, ते पाहून चूक पकडता येते. धूसर नकाशात ती सोय नाही.

असे नकाशे २००२पासून 'ईएमडीबी' या सार्वजनिक संग्रहात जमा होतात आणि ते कोणालाही विनामूल्य तपासता येतात. मूळ प्रतिमांसाठी वेगळा संग्रह आहे, पण त्या देण्याची सरसकट सक्ती नाही. करदात्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संशोधनापुरती तरी ती असावी. आपल्याकडेही अनुदान देणाऱ्या यंत्रणांना ही अट मंजुरीच्या पत्रातच घालता येईल.