घरखर्चाची वही : तीन कोटेशनं आणि एक एसी

मैत्रिणींनो, होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात आणि ताट्या बदलायची घाई सुरू होते. ज्यांच्याकडे दहा-बारा वर्षांचा जुना एसी आहे त्यांची आणखी एक विवंचना. दुरुस्त करावा की बदलावा? महालातल्या एका वाचक भगिनीने बदलायचे ठरवले आणि तीन दुकानांची कोटेशने मला पाठवली. ४१,०००, ४६,५०० आणि ५२,०००. “ह्यांचं म्हणणं, सर्वांत कमीवाल्याला हो म्हणून टाक. सासूबाईंची खोली पश्चिमेची, वर तापणारी स्लॅब. काय करू?”

बाई, ही तीन कोटेशने एकाच कामाची नाहीतच! खालचा आकडा झाकून वरचे बारीक अक्षर वाचा.

४१,००० वाल्याने कोपऱ्यात ‘कर व फिटिंग वेगळे’ असे लिहिले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला खरा, पण १८ टक्के म्हणजेसुद्धा ७,३८० रुपये. यंत्र तिथेच ४८,३८० ला गेले. बाहेरचे युनिट गच्चीवर ठेवायचे तर तांब्याचा पाइप ७ मीटर लागतो. मी सुचवल्यावर ह्या भगिनीने भाव विचारले: पाइप मीटरला ९००, स्टँड १,०००, फिटिंग १,५००. करा बेरीज, ५७,१८० होतात. दुसऱ्याने कर आणि फिटिंग धरले आहे, पण पाइप ३ मीटरच. उरलेले ४ मीटर आणि स्टँड त्याच भावाने धरले तर ५१,१००. तिसऱ्याच्या ५२,००० मध्ये हे सगळे आले आहे, शिवाय जुने यंत्र उतरवणेही. मात्र ते यंत्र तो फुकट नेणार! त्यात तांबे असते, फुकट का द्यायचे? किंमत वजा करून मागा.

आता तारे. पहिले दोन तीन ताऱ्यांचे, तिसरे पाच ताऱ्यांचे. नुसते तारे मोजू नका, लेबलावरचे साल पाहा, कारण २०१८ आणि २०२२ साली निकष कडक झाले. गोदामात पडलेल्या यंत्राचे पाच तारे आजचे पाच नसतात. लेबलावर वर्षाचे युनिटही असतात, पण ते १,६०० तासांचे. तुम्ही एप्रिल ते जूनअखेर रोज रात्री आठ-नऊ तास लावत असाल तर जेमतेम ८०० तास होतात, म्हणजे फरक निम्मा धरा. लेबलांत २०० युनिटांचे अंतर असेल तर तुमचे १०० वाचतील. दर मात्र बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा लावा, सरासरीचा नव्हे, कारण एसीचे युनिट वरच्या टप्प्यातच जाऊन बसतात.

आणि जे कोणीच लिहिले नाही ते सांगते. दीड टन ही यंत्राची ताकद बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात ३५ म्हणजे पहाटेचा गारवा! २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. बाहेर जितके तापते तितके यंत्र कमी थंड करते. म्हणून प्रत्येकाला विचारा, “४६ अंशांत हे किती थंड करतं? कंपनीच्या पुस्तकात दाखवा.” तिघांपैकी खोली पाहायला तिसराच आला होता. बाकीच्यांनी “दीड टन पुरून जाते ना काकू, फिकर नका करू” असे फोनवरच सांगितले. पश्चिमेची भिंत आणि वरची स्लॅब न पाहता टन सांगणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

तेव्हा एका कागदावर खोलीची लांबी-रुंदी, भिंतीची दिशा, पाइपचे मीटर, स्टँड, कर, जुन्याची किंमत असे स्वतःच लिहा. तोच कागद तिघांना द्या आणि मॉडेलच्या नंबरासह लेखी भाव मागा. फिटिंगच्या वेळी व्हॅक्यूम पंप लावणार का, तेही त्यात घाला. पाइपातली हवा आणि ओल काढल्याशिवाय गॅस सोडला तर पुढे यंत्र कुरकुरते. हमी नुसती कॉम्प्रेसरची की गॅसगळतीची आणि आतल्या सर्किटचीही, हे विचारून ठेवा. सगळे पैसे आगाऊ देऊ नका, थोडे खोली थंड होईपर्यंत हातात राहू द्या. कागद यजमानांसमोर ठेवलात की वाद घालावा लागत नाही, बेरीज तेही करतात.

बैठकीतला कूलर मात्र काढू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो थोड्या विजेत छान काम देतो. पाऊस लागून हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो. त्याचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासा, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. आणि एसीच्या खोलीत कूलर लावू नका, ओलावा काढण्यातच एसीची अर्धी ताकद जाईल.