आकाशातली कुंपणे

हेलसिंकी ते टोकियो हे अंतर पृथ्वीच्या गोलावर मोजले, तर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत विमाने हा प्रवास नऊ-साडेनऊ तासांत उरकीत. त्यानंतर त्याच प्रवासाला जवळजवळ तेरा तास लागू लागले. विमाने मंदावली नव्हती. वाट बंद झाली होती.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय राष्ट्रांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि रशियाने लगोलग तसेच प्रत्युत्तर दिले. हेलसिंकीहून जपानला जाणारी सर्वांत जवळची वाट सैबेरियावरून जाते. त्या सोयीच्या बळावरच फिनलंडच्या ‘फिनएअर’ने युरोप-आशिया वाहतुकीत आपले स्थान मिळवले होते. आता तिच्या विमानांना कधी उत्तर ध्रुवावरून, तर कधी दक्षिणेकडे मध्य आशियावरून वळसा घेणे भाग पडले.

खेदाची गोष्ट ही की, यात नवे काही नाही. १९८३ मध्ये याच कंपनीने टोकियोची थेट सेवा सुरू केली, तेव्हाही सोव्हिएत आकाश टाळून तिची विमाने ध्रुवावरून व बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून जात आणि सुमारे तेराच तास घेत. त्याच वर्षी १ सप्टेंबरला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले आणि २६९ जीव गेले. चार दशकांत विमानविद्या कोठल्या कोठे गेली. प्रवासाचा वेळ मात्र फिरून तेथेच आला.

१९४४ च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशाचे संपूर्ण सार्वभौमत्व बहाल करते. नुसते पार जाण्याची मुभा देणारा वेगळा करारही त्याच वर्षी झाला. परंतु रशिया त्यात सामील नाही. तेव्हा सैबेरियावरची वाट हा कधीच हक्क नव्हता, ती मेहरबानी होती.

आक्रमकाला आकाश नाकारणे गैर म्हणता येणार नाही. पण त्याची किंमत जादा इंधन, जादा वैमानिक आणि चढ्या भाड्याच्या रूपाने सामान्य प्रवाशालाच मोजावी लागते. शिवाय ती सर्वांना सारखी पडत नाही. चिनी कंपन्यांची विमाने रशियावरून उडतच राहिली. भारतालाही हा अनुभव नवा नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले, भारतानेही तेच केले आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांचा प्रवास लांबला.

विज्ञानाने जग जवळ आणले, असे शाळेत शिकवले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. विमानाचा वेग अभियंते वाढवतील. वाट मोकळी ठेवणे मात्र राज्यकर्त्यांच्या हाती असते, आणि त्यांनी एका रात्रीत मिटलेली वाट पुन्हा उघडायला वर्षे लागतात.