दाढेची कॅप आणि रंगाचा आग्रह
रूट कॅनालनंतर कमकुवत झालेल्या दाढेवर बसवायची टोपी, म्हणजे कॅप, हुबेहूब दातासारखी दिसावी हा आग्रह पुढच्या दातांसाठी रास्त असला, तरी चर्वणाचा भार पेलणाऱ्या शेवटच्या दाढेसाठी तो बहुधा अनाठायी ठरतो. लिथियम डायसिलिकेट हे काचेच्या जातीचे सिरॅमिक प्रकाश झिरपू देते म्हणून पटाशीच्या दातांना शोभते. मात्र वाकवणाऱ्या ताणाखाली न तुटण्याची त्याची क्षमता सुमारे ४०० मेगापास्कल, तर पारंपरिक झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडची, १००० च्या आसपास असते, अर्थात त्याचा पृष्ठभाग खडबडीत राहिल्यास समोरची दाढ झिजते. निव्वळ धातूच्या कॅपसाठी दाढ सर्वांत कमी कोरावी लागते. तिला केवळ रंगापायी नाकारणे अविचाराचे आहे.