मिरगीची गोळी आणि जडीबुटीची पुडी: दोन्ही सोबत घेतल्यावर काय होतं?

महाशिवरात्रीला गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी मार्कंडा देवस्थानाची मोठी जत्रा भरते. अशा जत्रांत आणि आठवडी बाजारांत मुळ्या, साली, चूर्णं मांडून बसणारे विक्रेते विदर्भाला नवे नाहीत. 'मिरगी मुळापासून बरी होईल' असं सांगून पुडी विकली जाते. पुडी घेणाऱ्याच्या घरी सरकारी दवाखान्यातून आणलेल्या फिटच्या गोळ्याही असतात. बरेच जण दोन्ही घेतात आणि एकाबद्दल दुसऱ्याला सांगत नाहीत.

'झाडपाल्याचं औषध आहे, अपाय तर होणार नाही' हा यामागचा विश्वास. फिटच्या औषधांच्या बाबतीत तो महागात पडू शकतो.

मुंबईत काय आढळलं होतं?

या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातलाच आहे. फेनिटोइन हे फिटवरचं जुनं आणि स्वस्त औषध. ते घेणाऱ्या दोन रुग्णांना आटोक्यात असलेले झटके पुन्हा येऊ लागले. ते शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदिक औषधही घेत होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी मग उंदरांवर प्रयोग केले. ही दोन्ही औषधं काही दिवस सोबत दिल्यावर रक्तातली फेनिटोइनची पातळी घटली आणि त्याचा परिणामही कमी झाला. हा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की प्रयोगात शंखपुष्पीच्या त्या औषधाने एकट्यानेही झटक्यांना काहीसा अटकाव केला होता. म्हणजे औषध निरुपयोगी नव्हतं. अडचण दोन्ही एकत्र घेण्यात होती.

मिरी-पिंपळीमुळे उलटं का होतं?

सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू होतं. मिरी आणि पिंपळीत पायपरिन नावाचं द्रव्य असतं. ते आतड्यातून औषध जास्त शोषलं जायला मदत करतं आणि औषध मोडणाऱ्या एन्झाइम्सना रोखतं. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या संशोधकांनी फेनिटोइन घेणाऱ्या रुग्णांना २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा रक्तातलं फेनिटोइन वाढलं. हा अभ्यास २००६ चा. साधारण अर्धा ग्रॅम मिरीत एवढं पायपरिन असू शकतं.

म्हणून भाजीतली मिरी बंद करायची गरज नाही. रोजच्या जेवणात फारसा फरक पडत नसेल, तर डॉक्टरांनी ठरवलेला डोस त्या जेवणासकटच लागू पडलेला असतो. धोका असतो तो चमचा-चमचा चूर्ण अचानक सुरू करण्यात किंवा अचानक थांबवण्यात.

थोड्याशा फरकाने एवढं काय बिघडतं?

फेनिटोइनची रक्तातली योग्य पातळी साधारणपणे दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम मानली जाते. त्याखाली गेली तर झटके येऊ शकतात. वर गेली तर चालताना तोल जातो, बोबडी वळते, डोळ्यांची बुबुळं थरथरतात, झापड येते. शिवाय हे औषध मोडण्याची यकृताची क्षमता मर्यादित असते. ती संपली की डोस किंचित वाढला तरी पातळी एकदम चढते.

आता दोन्ही बाजूंनी गैरसमज कसा होतो ते पाहा. शंखपुष्पीमुळे झटके वाढले, तर पुडीबद्दल माहिती नसलेले डॉक्टर गोळ्यांचा डोस वाढवतात. काही दिवसांनी रुग्ण पुडी बंद करतो. डोस मात्र वाढवलेलाच राहतो. मग रुग्णाचा तोल जाऊ लागतो आणि घरच्यांना वाटतं, 'गोळ्यांनीच बिघडवलं.' गोळ्या एकदम बंद होतात आणि खरा धोका तिथून सुरू होतो. फिटचं औषध अचानक थांबवल्यास एकामागून एक, न थांबणारे झटके येऊन जीवही जाऊ शकतो.

आणखी कशाकडे लक्ष हवं?

'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या काही पुड्यांमध्ये फेनोबार्बिटोन हे ॲलोपॅथीचंच औषध लपवलेलं आढळलं आहे. त्यामुळे पुडीचा गुण येतो, पण डोस कुणालाच माहीत नसतो आणि पुडी संपली की झटके उसळतात.

सारस्वतारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार झालेलं अल्कोहोल असतं. झोप आणणाऱ्या फिटच्या गोळ्यांसोबत त्याने गुंगी वाढू शकते. कापूर पोटात गेला तर त्यानेच झटका येऊ शकतो. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांनी यकृताचीही काळजी घ्यायला हवी. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती. आयुष मंत्रालयाने गुळवेलीशी जोडलेला तो निष्कर्ष मान्य केला नाही.

कायदा काय सांगतो, करायचं काय?

१९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत अपस्मार आहे. म्हणजे मिरगी बरी करण्याची जाहिरात करणं गुन्हा आहे. पण बाजारातल्या तोंडी दाव्यावर कारवाई करणं कठीण असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधं मिळाली तर अपस्माराचे ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. त्यासाठी गोळी न चुकवणं जितकं गरजेचं, तितकंच पुडीबद्दल सांगणं. दवाखान्यात जाताना पुडी, बाटली, मुळी जे असेल ते सोबत न्यावं. वैदूलाही गोळ्यांची नावं दाखवावीत. दुष्परिणाम वाटला तर औषध सुरक्षा हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ वर कळवता येतं.

डॉक्टर आणि आशाताईंनीही न रागावता एवढं विचारायला हवं: 'आणखी काय काय घेता?' रागावल्यावर पुडी बंद होत नाही, फक्त लपवली जाते.