घाई नसलेला खेळ

मुलांनो, व्हिडिओ गेमचे नाव काढताच घरातील वडीलधारी माणसे रागावतात. मारामारीच्या खेळांविषयीचा त्यांचा राग मला पटतो. पण सगळे खेळ एकाच तराजूत तोलू नयेत.

बर्लिनच्या चार विद्यार्थ्यांनी तयार केलेला 'डॉर्फरोमांटिक' हा खेळ पाहा. तो २०२२ साली पूर्ण झाला. यात शत्रू नाही, घड्याळही नाही. षटकोनी तुकडे एकेक करून मिळतात. त्यांवर शेत, रान, घरे, नदी किंवा रेल्वेचे रूळ असतात. रानाला रान, शेताला शेत जुळवीत जायचे. घराशेजारी रान आले तरी चालते, फक्त गुण मिळत नाहीत. नदी आणि रूळ मात्र जुळलेच पाहिजेत. तुकडे संपले की खेळ संपला.

म्हणून हातातला तुकडा फिरवून पाहावा, थांबावे, मग ठेवावा. गणिताची उत्तरपत्रिका घाईने लिहिणाऱ्यांना (नावे सांगत नाही!) हा खेळ जरूर द्यावा.

एक दोष मात्र आहे. घड्याळ नसल्यामुळे उठावेसेच वाटत नाही. या खेळाचा पुठ्ठ्याचा प्रकारही निघाला. त्याला २०२३ साली जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा मानाचा पुरस्कार मिळाला. त्यात सर्वजण मिळून एकच प्रदेश उभारतात. मला तोच अधिक आवडतो. आईने जेवायला हाक मारली, तर ती सर्वांनाच ऐकू येते.